क्रमांक एक्केचाळीस: नाव नाही

५ नोव्हेंबर

आदरणीय मामांस,

आपण मला कधी पाहिलेलं नाही आणि मीही आपल्याला पाहिलेलं नाही. पत्र उघडून आधी सही शोधण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून पहिल्यानेच सांगते: मी आपल्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. वय तेवीस. इतिहास घेऊन पदवी परीक्षेत पहिली आले आणि तेव्हापासून घरीच होते. आपला पत्ता गावच्या लोहारकाकांनी दिला. आपल्या छिन्न्यांना ते धार लावून द्यायचे म्हणे. पत्ता देताना त्यांनी दोनदा बजावलं, "तुझ्या आईला कळता कामा नये हं, माझं नाव." आईला मी त्यांचं नाव सांगितलेलं नाही, आणि या पत्राविषयीही सांगितलेलं नाही. तिच्यापासून लपवलेली ही माझी पहिलीच गोष्ट.

निमित्त असं घडलं, की गावाबाहेरचा रस्ता रुंद होणार आहे आणि जुन्या दफनभूमीची पूर्वेकडची पट्टी त्यात जाणार आहे. तत्पूर्वी सगळ्या थडग्यांची नोंदवही व्हावी म्हणून कचेरीला सुवाच्य अक्षराचं माणूस हवं होतं. तीन महिन्यांसाठी ते काम मला मिळालं. माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. दगडांच्या बाबतीत ती अडचण येत नाही.

रोज सकाळी फुटपट्टी, ओला फडका आणि वही घेऊन मी तिथे जाते. फाटकाजवळचे दगड सगळ्यांत जुने, नदीतून आणलेले काळे गोटे. त्यांच्यावर अक्षर नाही, एकेक आडवी रेघ तेवढी आहे. त्यानंतरचे पिवळसर, मऊ दगडाचे. त्यांच्यावर पुष्कळ काही लिहिलेलं होतं हे कळतं, काय ते मात्र कळत नाही. आणि मग पूर्वेच्या रांगा: कठीण करडा दगड, खोल अक्षर, आणि नावाखाली त्या त्या माणसाच्या धंद्याचं एक चिन्ह. शिंप्याची कात्री, सुताराचा रंधा, शाळामास्तरांचा चष्मा. हे सगळं आजोबांचं आणि आपलं काम, असं लोहारकाका म्हणाले. इतकं सुबक काम माझ्याच घरातल्या माणसांनी केलं आणि मला ते बाहेरच्याकडून कळावं, याचं मला वाईट वाटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते विचारते. पूर्वेच्या भिंतीलगत, सुरूच्या झाडाखाली, हातभर उंचीचा एक अनघड दगड उभा आहे. ते आजोबांचं थडगं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिथून जाताना आईचं पाऊल मंदावतं. साऱ्या गावाची नावं ज्यांनी दगडावर आणली, त्यांच्याच दगडावर नाव का नाही? आईला विचारलं की ती एकच वाक्य बोलते, "तुझ्या मामानं बापाला दगड केला नाही," आणि उठून आत जाते.

मामा, हे खरं आहे का? विचारण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणते. पण ज्या थडग्यांवर नाव आहे तीच दगडासकट पश्चिमेच्या जागेत हलवणार आहेत. बाकीची जिथे आहेत तिथेच राहतील, आणि त्यांच्यावरून रस्ता जाईल.

आपली भाची


१५ नोव्हेंबर

पोरी,

मला 'आपण' म्हणू नकोस. इथं मला 'आपण' म्हणणारी एकच, दवाखान्यातली नर्स, आणि तीही सुई टोचायच्या आधी. तू मामा म्हण, 'तुम्ही' म्हण, पुष्कळ झालं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'तत्पूर्वी' आणि 'सुवाच्य' हे दोन शब्द घेऊन शेजारच्या शिंपिणीकडे गेलो. ती म्हणाली, "भाचीचं पत्र आहे का कोर्टाचं समन्स?" मी म्हटलं, पहिली आलेली आहे पोरगी, असंच लिहिणार. दिवसभर मग तिच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो, आमची भाची पहिली आली.

कामाचं सांगतो. पिवळ्या दगडांवर ओला फडका मारून काही व्हायचं नाही. घरचा मोठा आरसा घेऊन जा. सकाळचं ऊन आरशात घे आणि दगडाच्या कुशीवरून तिरकं सोड. गेलेलं अक्षर आडव्या उजेडात उठून बसतं. तरी नाही वाचलं गेलं तर डोळे मीट आणि बोट फिरव. बोटाला सालं जास्त कळतं. चाकूनं, खिळ्यानं खरवडायचं नाही. जे उरलंय ते तेवढ्यानंच जातं.

मास्तरांच्या चष्म्याकडे नीट बघितलंस का? एक भिंग बारीक आहे. तिथं माझी छिन्नी सरकली होती. मी रडकुंडीला आलो. बाबा म्हणाले, "राहू दे. वर्गात एका डोळ्यानं झोपायचेच ते." मास्तरांच्या बायकोनं बघितलं आणि म्हणाली, हुबेहूब झालंय.

दगडाचं तुझी आई म्हणते ते बरोबर आहे. मी केला नाही. राहून गेलं माझ्याकडून. यापुढं त्यातलं काही विचारू नकोस.

ती कशी आहे? केस पिकले असतील. पुस्तकं वाचते का अजून? लहानपणी हातात कागद पडला की पुडीचासुद्धा वाचून काढायची.

तुझा मामा


२९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुमचा आरसा लागू पडला, म्हणजे आमचाच, कपाटाच्या दारावरचा. लोहारकाकांनी तो उतरवून दिला आणि मी तो चादरीत गुंडाळून नेला. अकरा दगड वाचले गेले. एकावर फक्त 'आमची' एवढाच शब्द आहे, पुढे काही नाही. त्या शब्दाची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे मला अजून सुचलेलं नाही.

आईचे केस कानांवर पिकले आहेत. तिची प्रकृती ठीक आहे. पुस्तकांविषयी तुम्ही विचारलंत ते वाचून मला आश्चर्य वाटलं, कारण आईच्या हातात मी कधी पुस्तक पाहिलेलं नाही. मी वाचत बसलेली दिसले तर ती नको म्हणत नाही, दारात क्षणभर उभी राहते आणि विचारते, "कुणी सांगितलेलं काम राहिलं नाही ना तुझं?" काम राहिलेलं नसलं तरी मग माझं वाचण्यात लक्ष लागत नाही.

पूर्वेच्या रांगेत मला एक विलक्षण गोष्ट आढळली. तिथल्या तेवीस दगडांवरचं अक्षर एकाच वळणाचं आहे, आणि ते मोठ्या माणसाचं वाटत नाही. शब्दाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळते, मांजरानं शेपूट उभारावं तशी. असं अक्षर मी कुठेतरी रोज पाहते एवढं जाणवत होतं. परवा मिठाची बरणी काढताना तिच्यावरची चिठ्ठी दिसली: तीच वर वळलेली शेपटी. मामा, दगडांवरचं अक्षर आईचं आहे. ते तिथे कसं गेलं?

नोंदवही पूर्ण करून परवा कचेरीत दिली. एकूण एकशे बारा दगड. ओव्हरसियर साहेबांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "छापल्यासारखं आहे हो!" त्यांचा नियम साधा आहे: दगडावर असेल तेच वहीत, वहीत असेल तेच नव्या जागेत. सांगोवांगीचं काही घ्यायचं नाही, नाहीतर गावात भांडणं लागतात. पूर्वेच्या पट्टीत सतरा दगड निनावी निघाले. त्यांतला एक आपला. त्यापुढे मी लिहिलं आहे: 'क्रमांक एक्केचाळीस. अनघड दगड, उंची एक हात. नाव नाही.'

लिहिण्यापूर्वी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "नियम असेल तसं लिही." मी तसंच लिहिलं. लिहिताना मला तुमचा राग आला, हे लपवत नाही. 'राहून गेलं' म्हणायला तो काही निरोप किंवा रुमाल नव्हता.

तुमची भाची


८ डिसेंबर

पोरी,

बाकी सगळं मागाहून. आधी ती नोंद बदल. पत्र वाचून झालं की खाली ठेव, चपला घाल आणि कचेरीत जा. साहेबाला सांग, एक्केचाळीसला नाव आहे. कसं आहे ते पुढं सांगतो.

तुझे आजोबा आणि मी, दोघंही निरक्षर. एवढी अक्षरं कोरली पण वाचता एक येत नव्हतं. आधी नावं मास्तर लिहून द्यायचे. मास्तर गेले तेव्हा त्यांचंच नाव कोण लिहिणार? तुझी आई नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, मी लिहिते. दगड जमिनीवर आडवा टाकायचा, ती त्याच्यावर पालथी पडून खडूनं लिहायची. एक अक्षर झालं की ती पुढच्याकडे सरकायची आणि मी मागून कोरत यायचो. ती मान वळवून ओरडायची, "दादा, घाई करू नको, माझ्या मागे लागू नको!" तेवीस दगड असे झाले. तुझ्या पत्रात तेवीस आकडा वाचला आणि मला बरं वाटलं, एकही पडलेला नाही.

ती चौदाची असताना बाबा खाणीत गेले. चिरा वर ओढत होतो, तो घसरला, ते खाली होते. दोराची गाठ मी मारली होती. गाठ सुटली. तसं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढं बाबांसाठी मी दगड आणला. खाणीतला त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला. घासून गुळगुळीत केला, खाली छिन्नी-हातोडा कोरला आणि नाव लिहायला तिला हाक मारली. तिनं खडू घेतला नाही. चार माणसांसमोर म्हणाली, "ज्या हातानं ती गाठ मारली त्या हाताला मी बाबांचं नाव लिहून देणार नाही." मी काय बोलणार? पुरताना खूण म्हणून उभा केलेला तो अनघड दगड तसाच राहिला, आणि महिन्याभरात मी दगड बैलगाडीत घालून गाव सोडलं.

तो दगड माझ्या अंगणात आहे. अडतीस वर्षं. नावाची जागा कोरी आहे. चाळिशीनंतर मी प्रौढांच्या वर्गात जाऊन लिहायला शिकलो ते त्या एका नावासाठी. कागदावर लिहून बघितलं. बरं होतं. पण दगडावर नाही उतरवलं. ते तिच्या हातचं हवं होतं.

तिनं तुला सांगितलं नाही याचा तिच्यावर राग धरू नकोस. आणि मी सांगितलं हेही तिला सांगू नकोस. तू फक्त ती नोंद बदल. दगड मी पाठवतो.

मामा


१ जानेवारी

पोरी, उत्तर नाही. नोंद बदललीस का? दोन ओळी लिही. टाइल्सवाल्याच्या ट्रकशी बोलून ठेवलंय, दगड पोत्यांत बांधून तयार आहे. तू हो म्हटलंस की निघेल.

मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

आधी जे घडलं ते सांगते. त्याचं समर्थन करायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

तुमचं पत्र बारा डिसेंबरला मिळालं. वाचून खाली ठेवलं, चपला घातल्या आणि कचेरीत गेले. साहेबांच्या खोलीत पाच-सहा माणसं बसली होती. एवढ्यांच्या देखत कसं बोलावं म्हणून परत आले. तेराला गेले तेव्हा ते फोनवर बोलत होते. बाकावर बसून मी बोलायचं वाक्य मनात तयार केलं: 'साहेब, एक्केचाळीस क्रमांकाच्या नोंदीत मला एक दुरुस्ती सुचवायची आहे.' ते इतक्यांदा म्हटलं, की त्यांनी फोन ठेवून "काय हो?" विचारल्यावर मी म्हणाले, "काही नाही, सहज." चौदाला आणि पंधराला मी गेलेच नाही. दगडावर जे नाही ते वहीत कसं घालायचं, आणि घातलं तर माझी वही खोटी ठरेल, या विचारात मी घरी वही पुढ्यात घेऊन बसले होते. कच्ची वही, मामा. खरी त्यांच्याकडेच होती.

सोळाला मी बोलले. साहेब चांगले आहेत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो, यादी काल गेली वर. परवा जरी आला असतात तरी एका ओळीचं काम होतं. आता तिथून मागवायची म्हणजे..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. ते मी पूर्ण करायला हवं होतं. 'मागवा' म्हणायला हवं होतं, हट्ट धरायला हवा होता, रडायला हवं होतं. मी म्हणाले, "ठीक आहे."

मामा, मी "ठीक आहे" म्हणाले.

बावीसला यंत्रं आली. नाव असलेली थडगी त्याआधी तीन दिवस हलवत होते. मास्तरांचा चष्मा आता पश्चिमेला आहे. सुरू तोडला. मी फाटकाशी वही छातीशी धरून उभी होते. यंत्राचा माणूस त्या अनघड दगडापाशी थांबला, माझ्याकडे बघून हातानंच विचारलं, हा? मी त्याला काय खूण केली हे मला आठवत नाही, आणि खूण केली की नाही, तेही नाही. तो दगड भरावात गेला.

तुमचं कार्ड पाच तारखेला आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुमची दोन्ही पत्रं आणि कार्ड आईपुढे ठेवलं. तुम्ही नको म्हटलं होतं. ती बटण लावत होती. दुसरं पत्र तिनं सुई तशीच हातात धरून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "गाठ सुटली असं लिहिलंय त्यानं?"

मी म्हटलं, "हो."

"गाठ सुटली नव्हती. दोर तुटला."

मग ती बोलत गेली आणि मी ऐकत राहिले. आईला सलग इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिचेच शब्द लिहिते, तुम्हाला ते तिच्याच तोंडून मिळायला हवे होते.

"नवा दोर मी न्यायचा होता. सकाळी बाबा सांगून गेले, जुना झिजलाय, शाळेत जाता जाता खाणीत टाकून जा. मी दोर खांद्यावर घेऊन निघाले. दफनभूमीच्या भिंतीवर बसले घटकाभर, पुस्तकाची चार पानं राहिली होती तेवढी संपवू म्हणून. चारांची चाळीस झाली. खाणीकडून माणसं पळत येताना दिसली तेव्हा पान उघडं होतं माझ्या मांडीवर. मी तशीच धावले. दोर आणि पुस्तक भिंतीवरच राहिलं. दुसऱ्या दिवशी उठले तर पुस्तक माझ्या उशाशी! दोर मात्र कुठेच नव्हता. म्हणजे दादानं उचललं होतं ते. म्हणजे त्याला कळलं होतं. आणि तो अंगणात लोकांना सांगत होता, गाठ माझी चुकली."

मी विचारलं, "मग तू त्यांना तसं का बोललीस?"

"खडू पुढे केला ना त्यानं! ज्यांना मी मारलं त्यांचं नाव मीच लिहायचं? माझा हात उचलेना. चारचौघं बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानंच हातात दिलेलं खोटं होतं, तेच त्याच्या अंगावर फेकलं." सुई बटणात घालत म्हणाली, "वाटलं होतं, तो उलटून बोलेल. म्हणेल, दोर कुठे होता गं? म्हणाला असता तर सुटले असते. तो गेलाच."

त्यानंतर दहा-बारा दिवस ती या विषयावर काही बोलली नाही. माझ्यावर रागावलीही नाही. मी दोनदा म्हटलं, आई, मी चार दिवस घालवले. दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

रस्त्यावर डांबर पडलं ते चौदाला. परवा दुपारी ती म्हणाली, "खडू आहे का घरात?" मी माझ्या शाळेच्या वेळचा शोधून दिला. ती निघाली, मी मागे. उरलेल्या भिंतीच्या कोपऱ्याशी ती उभी राहिली आणि तिथून पावलं मोजत रस्त्यावर गेली. एकोणीस. आजोबांपर्यंतचं ते मोजमाप मला माहीत नव्हतं, आणि माझ्या वहीतही नाही. मग ती रस्त्याच्या मधोमध बसली आणि लिहू लागली.

दुधाची गाडी आली. भोंगा वाजला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, "ओ मावशी, रस्ता आहे हा!"

"माहीत आहे," आई म्हणाली. "थांब जरा. दोन अक्षरं राहिलीत."

तो थांबला. खाली उतरला, वाचलं आणि विचारलं, "कोण हे?" आई म्हणाली, "इथे असतात." त्यानं गाडी मागे घेतली, आणि एक चाक कडेच्या मातीत उतरवून, अक्षरांना न लावता पुढे नेली. त्याच्यानंतरच्यांनी तसं केलं नाही, आणि त्यांना सांगणार तरी कोण होतं? संध्याकाळपर्यंत शेवटच्या अक्षराची शेपटी तेवढी दिसत होती, वर वळलेली.

घरी येऊन आईनं हात धुतले आणि म्हणाली, "त्याला लिही. दगड पाठवू नकोस म्हणावं, घेऊन ये. मी कागदावर लिहून धाडणार नाही. समोर लिहीन, मागून कोरत ये."

साहेबांना मी विचारलं. या वेळी पहिल्याच दिवशी विचारलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून दगड उभा करायला त्यांची हरकत नाही. "पण खाली कुणी नसणार, कल्पना आहे ना?" असं त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं.

तुमची भाची


२७ जानेवारी

पोरी,

दोर मीच उचलला होता. तो माळ्यावर टाकला, पुस्तक तिच्या उशाशी ठेवलं. वाटलं, सकाळी पुस्तक दिसेल, तिला कळेल की मला ठाऊक आहे आणि माझं काही म्हणणं नाही. तोंडानं बोलायचं धाडस नव्हतं म्हणून पुस्तकाकडून निरोप धाडला. तिनं तो असा वाचला. गाठ चांगली होती. माझी गाठ आजपर्यंत सुटलेली नाही. पण गाठ चांगली होती म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, मग दोर कसला होता? आणि मग सगळे तिच्याकडे वळले असते. ती चौदा वर्षांची होती.

तिला जवळ घेऊन एकदा म्हणायचं होतं, 'मला माहीत आहे गं, राहू दे.' एवढंच काम होतं. साहेब म्हणाले तसं, एका ओळीचं.

तू चार दिवस दारात उभी राहिलीस, आम्ही अडतीस वर्षं राहिलो. घराण्याचीच खोड आहे. तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. तुला ते खरं वाटायचं नाही, आणि मलाही खोटं बोलून भागवायचा कंटाळा आला आहे. पण बाबांना अनघड दगडाखाली ठेवलं आम्ही. तू वहीत लिहिलंस ते आम्ही केलेलंच होतं.

गुरुवारी निघतो. टाइल्सवाल्याच्या ट्रकात दगडाशेजारी बसून येणार आहे. शिंपीण म्हणते, या वयात ट्रकात? मी म्हटलं, बापाला एकट्याला कसं पाठवू? तिनं दगडाला गोधडी शिवून दिली आहे. लोहाराला सांग, छिन्न्यांना धार लागेल. त्याचं नाव तुझ्या आईला कळलं तरी आता चालेल.

एक गोष्ट तुला आधी सांगितली नाही. गेली दोन वर्षं माझा उजवा हात थरथरतो. हे पत्रही दोन दिवस लिहितोय. बारीक काम होत नाही आता, वळणावर छिन्नी सरकते, आणि ती शेपटी मला जमली पाहिजे.

तिला म्हणावं, अक्षर मोठं काढ.

मामा